थर्मिस्टर वापरून साधा फायर अलार्म: जोडणी, जुळणी आणि तपासणी

इलेक्ट्रॉनिक्स नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या चार-पाच सर्किटांमध्ये फायर अलार्म जरूर करून पाहावा. यात तापमान ओळखणारा भाग, तुलना करून निर्णय घेणारा भाग आणि आवाज करणारा भाग असे तीन टप्पे येतात, आणि प्रत्येक टप्पा मल्टिमीटरने स्वतंत्रपणे तपासता येतो. मात्र एका बाबतीत हे सर्किट इतरांपेक्षा वेगळे आहे. एलईडी लुकलुकवणारे सर्किट बिघडले तर ते लगेच दिसते. अलार्म मात्र जवळजवळ सगळा काळ गप्पच असतो, आणि सारे ठीक आहे म्हणून तो गप्प आहे की आतली एखादी वायर सुटली आहे म्हणून, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणूनच या लेखात जोडणीइतकीच जागा जुळणीला, म्हणजे अलार्म कोणत्या तापमानाला वाजेल हे ठरवण्याला, आणि तपासणीला दिली आहे.

आधी मर्यादा

येथे केलेला अलार्म उष्णतेवर चालतो, धुरावर नाही. आगीत माणसाला पहिला धोका बहुधा धुराचा असतो आणि धूर खोलीभर पसरल्यानंतरही छताजवळची हवा पुरेशी तापायला वेळ लागू शकतो, त्यामुळे उष्णतेवर चालणारा अलार्म धुराच्या अलार्मपेक्षा उशिरा वाजतो. तयार मिळणारे उष्णता-शोधक प्रामुख्याने स्वयंपाकघर किंवा गॅरेज अशा जागी बसवतात, जिथे वाफेने आणि फोडणीच्या धुराने धुराचा अलार्म उगाच वाजत राहील. हे सर्किट शिकण्यासाठी आहे. झोपण्याच्या खोलीत प्रमाणित स्मोक अलार्म हवाच, आणि त्याची जागा या सर्किटाने घेऊ नये. तसेच संपूर्ण जोडणी ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा ५ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर करावी. घरातल्या विजेच्या लाइनशी तिचा थेट संबंध कुठेही येऊ देऊ नये.

धुरासाठी एमक्यू २ नावाचे सेन्सर मॉड्यूल का वापरले नाही, असा प्रश्न अनेकांच्या मनात येईल. त्या सेन्सरच्या आत एक हीटर सतत तापत असतो आणि तो ५ व्होल्टवर सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे छोट्या बॅटरीवर तो टिकत नाही. शिवाय तो स्वयंपाकाचा गॅस, अल्कोहोलची वाफ अशा अनेक गोष्टींना प्रतिसाद देतो. ज्योत ओळखणारे इन्फ्रारेड मॉड्यूल खिडकीतून आलेल्या उन्हानेही फसते. थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा घटक, मंद आहे, पण तो एकाच गोष्टीला प्रतिसाद देतो आणि ती गोष्ट मोजता येते. शिकताना हा गुण मोठा आहे.

सर्किट कसे विचार करते

एनटीसी प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की कमी होतो. आपण १० किलोओहमचा थर्मिस्टर घेणार आहोत, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला त्याचा रोध १० किलोओहम असतो. तापमानाबरोबर रोध किती बदलतो हे सांगणारा त्याचा 'बी' हा स्थिरांक ३९५० असेल तर ४० अंशांना रोध सुमारे ५.३ किलोओहम, ५० अंशांना ३.६ किलोओहम आणि ६० अंशांना २.५ किलोओहम भरतो. म्हणजे पस्तीस अंशांच्या वाढीत रोध एक चतुर्थांश होतो, आणि हा फरक पकडायला कोणतेही नाजूक उपकरण लागत नाही.

रोधातला बदल व्होल्टेजच्या रूपात आणण्यासाठी थर्मिस्टरच्या डोक्यावर १० किलोओहमचा एक साधा रेझिस्टर जोडायचा. रेझिस्टरचे वरचे टोक धन बाजूला, थर्मिस्टरचे खालचे टोक ऋण बाजूला, आणि दोघे जिथे मिळतात तो आपला मोजण्याचा बिंदू. पुरवठा ९ व्होल्ट असेल तर २५ अंशांना या बिंदूवर ४.५ व्होल्ट मिळतात, ३० अंशांना सुमारे ४ व्होल्ट, तर ६० अंशांना १.८ व्होल्ट. तापमान चढले की व्होल्टेज उतरते, एवढे ध्यानात ठेवावे. पुढच्या बऱ्याच चुका ही दिशा उलटी धरल्यामुळे होतात.

आता हे व्होल्टेज एका ठरावीक संदर्भ व्होल्टेजशी ताडून पाहणारे कोणीतरी हवे. ते काम एलएम ३५८ ही आठ पिनांची आयसी करते. तिच्यात दोन ऑपअँप, म्हणजे दोन व्होल्टेजांमधला फरक वाढवून दाखवणारी सर्किटे, असतात, त्यातला एक आपण तुलनेसाठी वापरू. ऑपअँपच्या धन प्रवेशावरचे व्होल्टेज ऋण प्रवेशावरच्यापेक्षा जास्त झाले की त्याचे आउटपुट वर जाते, कमी असले की खाली राहते. संदर्भ व्होल्टेज धन प्रवेशाला आणि थर्मिस्टरचा बिंदू ऋण प्रवेशाला दिला, की तापमान वाढून बिंदूचे व्होल्टेज संदर्भाच्या खाली उतरताच आउटपुट वर जाईल आणि बझर वाजेल.

आयसी न घेता एकाच ट्रान्झिस्टरवर चालणारे अलार्म सर्किटही प्रचलित आहे आणि ते वाजतेही. तरी मी ते सुचवत नाही. ट्रान्झिस्टर साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला सुरू होतो, आणि हा आकडा बॅटरी उतरली तरी तसाच राहतो, तर थर्मिस्टरच्या बिंदूचे व्होल्टेज मात्र बॅटरीबरोबर उतरत जाते. परिणामी नव्या बॅटरीवर एका तापमानाला वाजणारा अलार्म जुन्या बॅटरीवर वेगळ्याच तापमानाला वाजतो. आपल्या सर्किटात संदर्भ व्होल्टेजही त्याच बॅटरीतून प्रीसेटने (फिरवून मूल्य बदलता येणाऱ्या छोट्या रेझिस्टरने) विभागून घेतलेले आहे, त्यामुळे बॅटरी ९ वरून ७.५ व्होल्टवर आली तरी दोन्ही बाजू एकाच प्रमाणात उतरतात आणि वाजण्याचे तापमान जागचे हलत नाही. एका आयसीचा जादा खर्च एवढ्या एका कारणासाठीही योग्यच ठरतो.

लागणारे सामान

१० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर, एलएम ३५८ आयसी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १० किलोओहमचा प्रीसेट, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, ४.७ किलोओहमचा एक, १ मेगाओहमचा एक, १ किलोओहमचे दोन आणि फक्त जुळणीसाठी २.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, एक लाल एलईडी, ०.१ मायक्रोफॅराडचे दोन आणि १०० मायक्रोफॅराडचा एक कपॅसिटर, दाबून सोडायचे एक बटण, बझर, ब्रेडबोर्ड, जोडवायरी, ९ व्होल्टची बॅटरी व तिची टोपी. मल्टिमीटर नसेल तर हे काम हाती घेण्याआधी तो मिळवावा.

बझर घेताना तो 'अॅक्टिव्ह' आहे ना, हे विचारून घ्यावे. अॅक्टिव्ह बझरच्या आत स्वतःचे स्पंदक सर्किट असते, त्यामुळे त्याला नुसते डीसी व्होल्टेज दिले की तो वाजतो. पॅसिव्ह बझर दिसायला तसाच असतो, पण बॅटरी लावल्यावर फक्त एकदा 'टिक्' करून थांबतो. दुकानातच ९ व्होल्टच्या बॅटरीला क्षणभर टेकवून पाहिला तर पुढचा मनस्ताप वाचतो.

रेझिस्टरच्या पट्ट्या वाचताना चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर १० किलोओहमसाठी तपकिरी-काळा-नारिंगी, ४.७ किलोओहमसाठी पिवळा-जांभळा-लाल, २.७ किलोओहमसाठी लाल-जांभळा-लाल, १ किलोओहमसाठी तपकिरी-काळा-लाल आणि १ मेगाओहमसाठी तपकिरी-काळा-हिरवा असा क्रम असतो. पाच पट्ट्यांच्या निळसर रेझिस्टरवर हा क्रम बदलतो आणि कमी उजेडात तपकिरी, लाल व नारिंगी हे रंग एकमेकांत मिसळतात. प्रत्येक रेझिस्टर बसवण्यापूर्वी मीटरने मोजण्याची सवय लावलेली बरी.

ब्रेडबोर्डवर जोडणी

बॅटरी शेवटीच जोडायची आहे, हे आधी ठरवून मग कामाला लागावे.

पायरी १. ब्रेडबोर्डच्या कडेच्या दोन लांब पट्ट्यांपैकी लाल रेषेची पट्टी धन आणि निळ्या रेषेची पट्टी ऋण माना. लांब ब्रेडबोर्डवर या पट्ट्या कधी कधी मध्यभागी तुटक असतात. रेषा सलग दिसत नसेल तर तिथे छोटी वायर टाकून दोन्ही भाग जोडून घ्या.

पायरी २. आयसी मधल्या खाचेवर आडवी बसवा, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या पिना वेगवेगळ्या ओळींत येतील. आयसीच्या एका टोकाला अर्धगोल खाच किंवा ठिपका असतो. ते टोक वर धरले तर डावीकडची सर्वांत वरची पिन १, तिथून खाली २, ३, ४, आणि मग उजवीकडे खालून वर ५, ६, ७, ८ असे क्रमांक येतात. आपण वापरणार असलेल्या ऑपअँपचे आउटपुट पिन १, ऋण प्रवेश पिन २ आणि धन प्रवेश पिन ३ आहे. पिन ८ धन पट्टीला आणि पिन ४ ऋण पट्टीला जोडा. या दोन पिनांच्या मध्ये, आयसीच्या शक्य तितक्या जवळ, ०.१ मायक्रोफॅराडचा एक कपॅसिटर लावा. १०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर दोन्ही पट्ट्यांमध्ये जिथे बॅटरीच्या वायरी येणार तिथे लावा. त्याच्या अंगावर उणे चिन्हांची पट्टी असलेला पाय ऋण बाजूलाच गेला पाहिजे.

पायरी ३. १० किलोओहमचा रेझिस्टर धन पट्टीपासून पिन २ पर्यंत आणि थर्मिस्टर पिन २ पासून ऋण पट्टीपर्यंत लावा. थर्मिस्टरला धन-ऋण अशी बाजू नसते. दुसरा ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर पिन २ आणि ऋण पट्टी यांच्यामध्ये लावा, म्हणजे पुढे थर्मिस्टर लांब वायरीवर नेल्यावर आजूबाजूच्या विजेच्या तारांतून येणारा गोंगाट तिथेच शमेल.

पायरी ४. प्रीसेटच्या बाहेरच्या दोन पायांपैकी एक धन पट्टीला आणि एक ऋण पट्टीला जोडा. मधल्या पायापासून दुसरा १० किलोओहमचा रेझिस्टर पिन ३ ला न्या. मग पिन १ पासून पिन ३ पर्यंत १ मेगाओहमचा रेझिस्टर लावा. हा रेझिस्टर अनेक सर्किटांत गाळलेला असतो, पण त्याचे काम महत्त्वाचे आहे. तापमान वाजण्याच्या अगदी सीमारेषेवर घुटमळत असेल तर तो नसताना बझर तुटक, खरखरत वाजतो, कारण आउटपुट वर-खाली होत राहते. १ मेगाओहमचा रेझिस्टर आउटपुटचा थोडासा अंश पिन ३ कडे परत आणतो, त्यामुळे एकदा वाजायला लागलेला अलार्म तापमान सुमारे दीड अंशाने उतरेपर्यंत वाजतच राहतो.

पायरी ५. पिन १ पासून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दुसऱ्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर वापरत असाल तर हा क्रम गृहीत धरू नका. एमिटर ऋण पट्टीला जोडा. बझरचा धन पाय धन पट्टीला आणि ऋण पाय कलेक्टरला जोडा. एलईडीचा लांब पाय १ किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत धन पट्टीला आणि आखूड पाय कलेक्टरला जोडा.

पायरी ६. आयसीतला दुसरा ऑपअँप वापरात नाही, पण त्याच्या पिना मोकळ्या सोडल्या तर तो मनाला येईल तसा डोलत राहतो आणि कधी विनाकारण प्रवाह ओढतो. पिन ६ आणि ७ एकमेकींना जोडा आणि पिन ५ ऋण पट्टीला द्या.

ट्रान्झिस्टर मुळात कशासाठी, असे विचारता येईल. छोटा बझर एलएम ३५८ थेटही वाजवू शकते, पण तिचे आउटपुट पुरवठ्यापेक्षा सुमारे दीड व्होल्ट खालीच राहते आणि आवाज त्या प्रमाणात मंद होतो. ट्रान्झिस्टरमुळे बझरला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळते. बीसी ५४७ मधून १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह नेऊ नये; साध्या बझरला त्यातला लहानसा भागच लागतो.

पहिली चाचणी

प्रीसेट ऋण टोकाकडे पूर्ण फिरवा, म्हणजे त्याच्या मधल्या पायावर जवळजवळ शून्य व्होल्ट येतील. बॅटरी जोडा. बझर वाजता कामा नये. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी तार ऋण पट्टीला धरा आणि पिन ८ मोजा. बॅटरीचे व्होल्टेज मिळाले पाहिजे. मग पिन २ मोजा. खोलीच्या तापमानानुसार तिथे पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसेल. आता मीटर तसाच धरून थर्मिस्टर दोन बोटांत चिमटीत पकडा. आकडा हळूहळू उतरायला लागला, की संवेदकाचा टप्पा बरोबर आहे असे समजा. खोलीच उन्हाळ्यात तापलेली असेल तर बोटांनी फारसा फरक पडणार नाही. तेव्हा गरम चहाच्या कपाबाहेरून थर्मिस्टर टेकवून पाहा.

त्यानंतर थर्मिस्टर मोकळा सोडून प्रीसेट सावकाश दुसऱ्या टोकाकडे फिरवा. पिन ३ चे व्होल्टेज पिन २ च्या वर गेले की त्याच क्षणी एलईडी पेटून बझर वाजेल. प्रीसेट किंचित मागे घेतला की तो थांबेल. येथे वाजले, म्हणजे तिन्ही टप्पे जोडले गेले.

काडी किंवा लायटर थर्मिस्टरजवळ नेऊन चाचणी करण्याचा मोह टाळावा. अशा साध्या थर्मिस्टरवरचे इपॉक्सीचे आवरण साधारण १२५ अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते आणि ज्योतीचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. आवरण करपले की थर्मिस्टरचा रोध कायमचा बदलू शकतो, आणि हा बदल बाहेरून दिसत नाही. शिवाय ज्योतीने अलार्म दोन सेकंदांत वाजला, यावरून खोलीतल्या हवेने तो कधी वाजेल हे काहीच कळत नाही.

वाजण्याचे तापमान ठरवणे

बाजारातले बरेच उष्णता-शोधक ५७ अंश सेल्सिअसला वाजतात, आणि युरोपीय मानकातल्या ए१ वर्गाच्या शोधकांसाठी ५४ ते ६५ अंश हा पट्टा आहे. आपणही ५७ च्या आसपास राहू. खोलीतल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा वाजण्याचे तापमान निदान वीस अंशांनी जास्त असावे. नाहीतर कडक उन्हाळ्याच्या दुपारी अलार्म वाजेल, आणि दोन-तीनदा असा उगाच वाजलेला अलार्म लोक बॅटरी काढून बंद करून ठेवतात.

हे तापमान ठरवण्यासाठी पाणी तापवण्याची आणि तापमापक बुडवण्याची गरज नाही. आधीच्या आकड्यांवरून आपल्याला माहीत आहे, की थर्मिस्टरचा रोध ५७ ते ५८ अंशांच्या दरम्यान २.७ किलोओहम होतो, आणि सुदैवाने २.७ किलोओहम हे रेझिस्टरचे नेहमी मिळणारे मूल्य आहे. तेव्हा बॅटरी काढून थर्मिस्टर बाजूला करा आणि त्याच्या जागी २.७ किलोओहमचा रेझिस्टर बसवा. प्रीसेट ऋण टोकाला नेऊन बॅटरी जोडा आणि प्रीसेट अगदी हळू वर आणत जा. बझर वाजायला लागला की तिथेच थांबा. बॅटरी काढून थर्मिस्टर परत जागेवर लावा. झाली जुळणी.

ही रीत मला पाण्याच्या रीतीपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण तुमच्या सर्किटातला १० किलोओहमचा रेझिस्टर प्रत्यक्षात ९.८ भरत असेल किंवा आयसीत थोडी चूक असेल, तर ती जुळणीतच सामावली जाते. पडताळा हवा असेल तर मीटरने प्रीसेटचा मधला पाय मोजा: तिथे पुरवठ्याच्या सुमारे २१ टक्के, म्हणजे ९ व्होल्टला १.९ व्होल्ट दिसले पाहिजेत. थर्मिस्टरचा 'बी' स्थिरांक ३९५० नसून वेगळा असेल तर मात्र प्रत्यक्ष तापमान काही अंशांनी सरकेल, म्हणून खरेदीच्या वेळी तो आकडा विचारून घ्यावा. प्रीसेटला शेवटी नेलपॉलिशचा एक थेंब लावला तर तो धक्क्याने फिरत नाही.

यानंतर केस वाळवण्याच्या ड्रायरची गरम हवा हातभर अंतरावरून थर्मिस्टरवर सोडून एकदा खरी चाचणी घ्यावी. थर्मिस्टरचा मणी, म्हणजे त्याचे गोल टोक, तापायला काही सेकंद लागतात; लगेच वाजला नाही म्हणून ड्रायर अगदी जवळ नेऊ नये.

वाजत नसेल तर

नवशिका माणूस अशा वेळी सगळे सर्किट उपटून पुन्हा जोडतो. त्यापेक्षा सर्किटाचे दोन भाग करावेत. थर्मिस्टरच्या जागी २.७ किलोओहमचा रेझिस्टर ठेवून, प्रीसेट धन टोकाकडे नेऊन, पिन १ वरचे व्होल्टेज मोजावे. ते ७ व्होल्टच्या वर असेल तर आयसीपर्यंतचे सारे बरोबर आहे आणि दोष ट्रान्झिस्टर किंवा बझरकडे आहे. मग बेस आणि एमिटरमध्ये मोजावे, ०.७ व्होल्टच्या जवळपास मिळाले तर बेसला प्रवाह पोचतो आहे, आणि शंका बझरवर किंवा कलेक्टरच्या जोडणीवर येते. बझर वाजतो पण अगदी क्षीण, असे असेल तर ट्रान्झिस्टर उलटा बसला असण्याची शक्यता मोठी.

उलट पिन १ शून्याजवळ असेल तर दोष आधीच्या भागात आहे. पिन २ आणि ३ दोन्ही मोजून कोणती वर आहे ते पाहावे. पिन ३ वर असूनही पिन १ खाली असेल तर आयसीचा पुरवठा किंवा तिची दिशा तपासावी. आयसी हाताला गरम लागत असेल तर बॅटरी ताबडतोब काढावी. ती बहुधा उलटी बसलेली असते. आणि अलार्म थंड असतानाच वाजत असेल व गरम केल्यावर थांबत असेल, तर पिन २ आणि ३ च्या जोडण्यांची अदलाबदल झाली आहे, याबद्दल शंका नको.

गप्प राहणारा बिघाड

आता या सर्किटाचा खरा कच्चा दुवा. थर्मिस्टरची वायर कुठे तुटली तर पिन २ वर पूर्ण पुरवठा व्होल्टेज येते, आणि आयसीच्या दृष्टीने त्याचा अर्थ 'खोली अतिशय थंड आहे' असा होतो. अलार्म शांत राहतो आणि आग लागली तरी शांतच राहील. वायरी एकमेकींना चिकटल्या तर निदान तो वाजून ओरडून सांगतो. तुटल्या तर काहीच सांगत नाही. मोठ्या इमारतींतल्या अलार्म यंत्रणांत याच कारणासाठी वायरीच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर बसवून त्यातून थोडा प्रवाह सतत वाहता ठेवतात, आणि तो थांबला की यंत्रणा वायर तुटल्याची सूचना देते.

आपल्यासाठी सोपा उपाय म्हणजे चाचणीचे बटण. उरलेला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि बटण एकापाठोपाठ एक जोडून ही जोडी थर्मिस्टरला समांतर लावावी. बटण दाबले की एकूण रोध १ किलोओहमच्या खाली जातो आणि सर्किटाला वाटते की तापमान फार चढले आहे. मात्र हे बटण सर्किट ठेवलेल्या डब्यावर बसवू नये. ते वायरीच्या दुसऱ्या टोकाला, थर्मिस्टरच्या शेजारी बसवावे. डब्यावरच्या बटणाने फक्त डब्यातले सर्किट तपासले जाते, तर टोकाच्या बटणाने संपूर्ण वायरही तपासली जाते.

पक्के करणे आणि बसवणे

ब्रेडबोर्डवरची जोडणी कायमची नसते; वायरी सैल होतात. सर्व काही नीट चालल्यावर ते छिद्रांच्या बोर्डवर सोल्डर करावे. आयसी थेट न लावता तिचे सॉकेट सोल्डर करून मग आयसी त्यात बसवावी. थर्मिस्टरचे पाय सोल्डर करताना मणी आणि सोल्डरची जागा यांच्यामध्ये चिमटा धरावा, म्हणजे उष्णता मण्यापर्यंत जाणार नाही, आणि दोन्ही जोडांवर स्लीव्ह चढवावी.

डबा कुठेही असो, थर्मिस्टर डब्याच्या बाहेर मोकळ्या हवेत आणि छताजवळ असला पाहिजे, कारण गरम हवा वर चढते. भिंत आणि छत मिळतात त्या अगदी कोपऱ्यात तो लावू नये. तिथे हवा फारशी खेळत नाही. शेगडीच्या बरोबर वर किंवा बल्बच्या शेजारी लावला तर उगाच वाजेल, पंख्याच्या झोतात लावला तर उशिरा वाजेल. वायर कित्येक मीटर लांब असली तरी काळजी नको, कारण तिचा रोध काही ओहमच असतो आणि २.७ किलोओहमच्या मानाने तो नगण्य आहे.

पुरवठ्याबाबत स्पष्ट सांगायला हवे, की हे सर्किट गप्प असतानाही सुमारे २ मिलिअँपिअर प्रवाह घेते. ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास धरली तर ती दहा-बारा दिवसांत संपेल. तेव्हा बॅटरी फक्त शिकण्यापुरती ठेवावी आणि कायम बसवायचे असेल तर ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर वापरावा. दोन्ही बाजू प्रमाणात उतरत असल्यामुळे वाजण्याचे तापमान फारसे हलणार नाही, तरी २.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून जुळणी एकदा नव्याने करून घेणे बरे. बझर मात्र ५ व्होल्टवर चालणारा हवा. आग विजेमुळे लागली तर वीज आधी जाऊ शकते, ही चार्जरची उणीव आहे. ती भरून काढायला पॉवर बँक जोडावी असे कोणी सुचवेल, पण बऱ्याच पॉवर बँका इतका कमी प्रवाह पाहून आपोआप बंद होतात. आपली तशी करते का, हे रात्रभर ठेवून पाहावे.

मोठा भोंगा लावायचा असेल तर बीसी ५४७ पुरणार नाही. त्याऐवजी टीआयपी १२२ सारखा ट्रान्झिस्टर घ्यावा, आणि भोंग्याच्या किंवा रिलेच्या दोन टोकांवर १एन ४००७ डायोड अशा रीतीने लावावा की त्याची पांढरी पट्टी धन बाजूला येईल. गुंडाळी बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका हा डायोड शोषतो. तो नसेल तर ट्रान्झिस्टर काही दिवसांनी न सांगता जातो.

महिन्यातून एकदा थर्मिस्टरशेजारचे बटण दाबून आवाज ऐकावा. बॅटरीवर चालवत असाल तर बटण दाबलेले असतानाच तिचे व्होल्टेज मोजावे, कारण उतरलेली बॅटरीही मोकळी मोजली तर चांगला आकडा दाखवते. बझर वाजत असताना ते ७ व्होल्टच्या खाली गेले, तर बॅटरी त्याच दिवशी बदलावी.